एक सेकंद म्हणजे किती मीटर?

सेकंद हे काळाचे एकक आणि मीटर हे लांबीचे. तेव्हा ‘एक सेकंद म्हणजे किती मीटर?’ असा प्रश्न वर्गात विचारला तर विद्यार्थी हसतील, आणि त्यांचे हसणे योग्यच ठरेल. परंतु नागपूरच्या सीताबर्डीत उभे राहून हाच प्रश्न विचारला तर त्याला नेमके उत्तर देता येते. ते उत्तर आहे ४३३ मीटर. हा आकडा कोठून आला आणि रेडिओवरून प्रक्षेपित होणाऱ्या वेळेच्या संकेतांशी त्याचा काय संबंध, हे आपण या लेखात पाहू या.

आकाशवाणीचे नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. तेव्हापासून कित्येक वर्षे विदर्भातल्या घरांतली, शाळांतली आणि दुकानांतली घड्याळे रेडिओ ऐकून लावली जात. बातम्यांच्या आधी ‘पीप, पीप’ असे छोटे आवाज येत आणि घरातले कोणीतरी घड्याळाची चावी हातात धरून त्यांची वाट पाही. रेडिओच्या या आवाजांचा उपयोग काय, असे विचारले तर बहुतेक जण ‘घड्याळ लावायला’ असेच सांगतील. हे उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. एकमेकांपासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या दोन माणसांना एकच क्षण एकाच वेळी दाखवून देणे, हे या संकेतांचे खरे काम. असा सामाईक क्षण हाती आला की एरवी मोजता न येणाऱ्या अनेक गोष्टी मोजता येतात. त्यांपैकी पहिली गोष्ट म्हणजे आपण पृथ्वीवर नेमके कोठे आहोत ही.

झिरो माईल आणि रेखांश

सीताबर्डीच्या किल्ल्याजवळ, विधानभवनापासून थोड्याच अंतरावर ‘झिरो माईल’चा दगडी स्तंभ आहे. आता मेट्रोचे एक स्थानकही त्याच्या नावाने ओळखले जाते. हा स्तंभ म्हणजे भारताचा मध्यबिंदू, असे आपण लहानपणापासून ऐकतो. प्रत्यक्षात तेथील दगडावर ‘जी. टी. एस. स्टँडर्ड बेंचमार्क’ आणि १९०७ हे साल कोरलेले आहे. ‘जी. टी. एस.’ म्हणजे ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे, भारताची त्रिकोणमितीच्या साहाय्याने केलेली मोजणी. बेंचमार्क म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची अचूक ठरवून केलेली खूण. थोडक्यात, हा दगड मुळात उंचीचा आहे. मोजणीची सुरुवात मात्र येथून झाली नव्हती; तिची पहिली पायारेषा १८०२ मध्ये मद्रासजवळ आखली गेली.

एखाद्या ठिकाणाचे पूर्ण वर्णन करायला तीन आकडे लागतात : उंची, अक्षांश आणि रेखांश. उंची दुर्बिणीने आणि मोजपट्टीने टप्प्याटप्प्याने मोजत नेता येते. अक्षांश ध्रुवताऱ्याच्या किंवा मध्यान्हीच्या सूर्याच्या उंचीवरून कळतो. त्यासाठी घड्याळही लागत नाही. खरी अडचण येते ती रेखांशाची. ध्रुवतारा सर्व रेखांशांवरून सारखाच दिसतो. नागपूरच्या आकाशात जे तारे दिसतात तेच, थोड्या वेळाने, त्याच अक्षांशावर पश्चिमेला असलेल्या गावाच्या आकाशात दिसतात. फरक असतो तो फक्त वेळेचा.

पृथ्वी २४ तासांत स्वतःभोवती ३६० अंश फिरते. म्हणजे १ तासात १५ अंश आणि ४ मिनिटांत १ अंश. दोन गावांमध्ये सूर्य माथ्यावर येण्याच्या वेळांत ४ मिनिटांचा फरक असेल तर त्यांच्या रेखांशांत १ अंशाचा फरक असतो. अंशाचे ६० भाग म्हणजे कला आणि कलेचे ६० भाग म्हणजे विकला, हे आपले जुने शब्द येथे उपयोगी पडतात. १ सेकंद वेळ म्हणजे १५ विकला. विषुववृत्तावर १५ विकलांचे अंतर सुमारे ४६४ मीटर भरते. जसजसे उत्तरेकडे जावे तसतशी रेखावृत्ते जवळ येतात. सीताबर्डीचा अक्षांश सुमारे २१ अंश ९ कला आहे. त्याची कोज्या ०.९३३ येते. या संख्येने ४६४ ला गुणले की ४३३ मीटर हा आकडा मिळतो.

हेच वेगळ्या शब्दांत सांगता येईल. पृथ्वीच्या फिरण्यामुळे सीताबर्डी दर सेकंदाला ४३३ मीटर पूर्वेकडे जाते. म्हणून वेळेत एका सेकंदाची चूक झाली तर नकाशावर ४३३ मीटरची चूक होते.

नकाशा चार किलोमीटर सरकला

ही चूक केवळ कागदी नाही. एकोणिसाव्या शतकात भारताच्या त्रिकोणमितीय मोजणीतील रेखांश मद्रासच्या वेधशाळेपासून मोजलेले होते. मोजणी काटेकोर होती, परंतु मद्रासचा स्वतःचा ग्रिनिचपासूनचा रेखांशच थोडा चुकलेला होता. १८९४ ते १८९६ या काळात सिडनी बरार्ड आणि जेराल्ड लेनॉक्स-कॉनिंगहॅम यांनी तारायंत्राच्या साहाय्याने ग्रिनिच ते कराची असा वेळेचा फरक नव्याने मोजला. तेव्हा भारतातील सर्व रेखांशांना सुमारे २ कला २७ विकलांची दुरुस्ती करावी लागेल असे आढळले.

२ कला २७ विकला म्हणजे १४७ विकला. त्यांना १५ ने भागले तर वेळेच्या भाषेत ९.८ सेकंद येतात. जेमतेम दहा सेकंदांची चूक! पण सीताबर्डीच्या हिशेबाने ती ९.८ × ४३३, म्हणजे सुमारे ४,२०० मीटर होते. झिरो माईलपासून पश्चिमेला फुटाळा तलाव साधारण तितक्याच अंतरावर आहे. आखलेल्या रेषा काटेकोर असूनही अख्ख्या देशाचा नकाशा जगाच्या नकाशावर एवढा सरकलेला होता.

रेडिओपूर्वीचे संकेत

दूरच्या ठिकाणी ‘आत्ता’ हा शब्द कसा पोचवायचा, हा प्रश्न फार जुना आहे. त्याचे एक सुंदर उत्तर आपल्याकडील ज्योतिषग्रंथांत आहे. चंद्रग्रहण जेथून दिसते तेथून ते एकाच क्षणी दिसते, कारण पृथ्वीची सावली प्रत्यक्षच चंद्रावर पडते. तेव्हा दोन गावांतील लोकांनी ग्रहण सुरू झाल्याची आपापली स्थानिक वेळ नोंदवली तर त्या वेळांतील फरकावरून रेखांशांतील फरक, म्हणजे देशांतर, काढता येते. सूर्यसिद्धांतात उज्जयिनीवरून जाणारी रेषा मूळ रेखा धरून देशांतर काढण्याची ही कल्पना दिलेली आहे. चंद्रग्रहण हा निसर्गाने प्रक्षेपित केलेला कालसंकेतच म्हटला पाहिजे. अडचण एवढीच की तो क्वचित मिळतो, आणि सावलीची कड अंधुक असल्यामुळे क्षण नेमका पकडता येत नाही.

बंदरांमध्ये ही गरज रोजची होती. जहाजावरील घड्याळ ४ सेकंद चुकले तर विषुववृत्ताजवळ जहाजाचे स्थान १ सागरी मैलाने चुकते. त्यामुळे बंदर सोडण्यापूर्वी घड्याळ तपासणे हा जीवनमरणाचा प्रश्न असे. मुंबईची कुलाबा वेधशाळा १८२६ मध्ये स्थापन झाली तीच मुळात जहाजांसाठी वेळ राखण्याच्या आणि आकाशाचे वेध घेण्याच्या हेतूने. अनेक बंदरांत ठरावीक वेळी तोफ उडवत किंवा उंच खांबावरून मोठा गोळा खाली सोडत. तोफेपेक्षा गोळा चांगला, कारण ध्वनीला १ किलोमीटर जायला सुमारे ३ सेकंद लागतात. समजा, सीताबर्डीच्या टेकडीवर तोफ उडवली, तर ४ किलोमीटरवरील फुटाळ्याला ती सुमारे १२ सेकंदांनी ऐकू येईल. तिच्यावर घड्याळ लावणारा मनुष्य रेखांशात ५ किलोमीटरची चूक करील.

पुढे रेल्वे आली आणि तिच्याबरोबर तारायंत्र. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली. प्रत्येक गावाने आपापल्या सूर्याप्रमाणे चालायचे ठरवले तर रेल्वेचे वेळापत्रकच करता येणार नाही. म्हणून रेल्वेने मद्रासची वेळ स्वीकारली आणि ती तारेने स्थानकास्थानकाला कळवली जाऊ लागली. नागपूरच्या स्थानिक वेळेपेक्षा मद्रासची वेळ साडेचार ते पाच मिनिटे पुढे होती. १ जानेवारी १९०६ पासून साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर आधारलेली भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. मुंबई शहराने मात्र आपली ३९ मिनिटे मागे असलेली ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत सोडली नाही.

सामाईक वेळेचे महत्त्व नागपूरकरांना वेगळ्या कारणानेही ठाऊक आहे. ३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीची विमानटपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला उतरत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत परतत. चार दिशांची चार विमाने एका रात्रीत एका धावपट्टीवर भेटायची तर चारही शहरांत ‘आत्ता किती वाजले’ याचे उत्तर एकच हवे. मुंबईतले नागरिक तेव्हा आपली घड्याळे ३९ मिनिटे मागे ठेवत होते, हे लक्षात घेतले म्हणजे प्रमाणवेळेची गरज वेगळी सांगावी लागत नाही.

रेडिओ आला

तारायंत्राचा संकेत तारेच्या टोकापर्यंतच जातो. समुद्रातल्या जहाजाला, जंगलातल्या मोजणीदाराला किंवा डोंगरावरील वेधकर्त्याला त्याचा उपयोग नाही. रेडिओलहरींनी ही मर्यादा दूर केली. १९१० मध्ये पॅरिसच्या आयफेल मनोऱ्यावरून कालसंकेत प्रक्षेपित होऊ लागले. ५ फेब्रुवारी १९२४ पासून बी.बी.सी.ने सहा ‘पीप’ देण्यास सुरुवात केली. त्यातील शेवटचा पीप जेथे सुरू होतो तो नेमका ठोक्याचा क्षण. संपतो तो नव्हे. १९२६ मध्ये जगभरातील वेधशाळांनी रेडिओसंकेत ऐकून एकमेकींचे रेखांश पुन्हा मोजण्याची संयुक्त मोहीम घेतली. तीत आपल्या देशातून सर्व्हे ऑफ इंडियाच्या देहरादून येथील केंद्राने भाग घेतला होता.

स्वतंत्र भारतात हे काम नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेकडे आले. या प्रयोगशाळेने १९५९ मध्ये ‘ए.टी.ए.’ या खुणेचे केंद्र सुरू केले. १० मेगाहर्ट्झ ही त्याची मुख्य वारंवारता. दर सेकंदाला एक अगदी छोटा टोला आणि मिनिटाला एक लांब टोला, एवढाच त्याचा कार्यक्रम. गाणी नाहीत की बातम्या नाहीत. पण लघुलहरींचा साधा रेडिओ असलेल्या कोणालाही, कोणाची परवानगी न घेता आणि एक पैसा न देता, देशाची प्रमाणवेळ मिळत होती.

दिल्लीहून नागपूरला संकेत यायला वेळ लागत नाही का? लागतो. सरळ अंतर सुमारे ८५० किलोमीटर आहे आणि रेडिओलहरींचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर. लहरी आयनांबरावरून परावर्तित होऊन येतात म्हणून वाट थोडी लांबते, तरी हा प्रवास सुमारे ३ सहस्रांश सेकंदात संपतो. तेवढ्या वेळात सीताबर्डी पूर्वेकडे सरकते ती फक्त सव्वा मीटर! गंमत म्हणजे, रेडिओ खोलीत ३ मीटर अंतरावर ठेवला असेल तर त्यातून निघालेला आवाज आपल्या कानापर्यंत यायला सुमारे ९ सहस्रांश सेकंद लागतात. दिल्ली ते नागपूर या प्रवासापेक्षा टेबलापासून कानापर्यंतचा प्रवास अधिक वेळ खातो. ध्वनी आणि विद्युतचुंबकीय लहरी यांच्या वेगातील फरक शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे.

भूकंप कोठे झाला?

वेळेच्या संकेतांचा सर्वांत गंभीर उपयोग भूकंपशास्त्रात होतो. भूकंप झाला की त्याच्या लहरी सर्व दिशांना पसरतात आणि जवळच्या केंद्रावर आधी, दूरच्या केंद्रावर नंतर पोचतात. निरनिराळ्या केंद्रांवर पहिली लहर किती वाजता आली हे नेमके ठाऊक असेल तर भूकंपाचे अपिकेंद्र, म्हणजे भूकंपाच्या उगमाच्या थेट वरचा जमिनीवरील बिंदू, गणिताने काढता येतो. यात गृहीत असते ते हे की, सर्व केंद्रांची घड्याळे एकच वेळ दाखवत आहेत.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला. नकाशात पाहिले तर किल्लारीपासून नागपूर सुमारे ४३० किलोमीटर आणि मुंबई सुमारे ४१० किलोमीटर अंतरावर आहे. या अंतरांवर सर्वांत आधी पोचणाऱ्या लहरी खालच्या प्रावरणातून सेकंदाला सुमारे ८ किलोमीटर वेगाने येतात. म्हणजे दोन्ही शहरांत त्या सुमारे एका मिनिटात, अवघ्या दोन-तीन सेकंदांच्या अंतराने पोचायला हव्यात. आता समजा, अशा एखाद्या भूकंपात दोनांपैकी एका केंद्राचे घड्याळ ५ सेकंद मागे आहे. मग गणित करणारा मनुष्य दोन अंतरांतील फरक ४० किलोमीटरने चुकीचा धरील. नकाशावर अपिकेंद्र एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात जाईल. जेथे घरे पडली आहेत तेथील तारा तुटलेल्या असतात, रस्ते बंद असतात. तेथून निरोप येत नाही. अशा वेळी मदत कोणत्या दिशेने पाठवायची हे दूरवरच्या घड्याळांवर ठरते. तेथे ५ सेकंद ही क्षुल्लक गोष्ट राहत नाही.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला मोठा धक्का बसला. धरणाच्या परिसरात भूकंपमापकांचे जाळे त्याआधीच उभारलेले होते. धरणाजवळच्या छोट्या धक्क्यांचा अभ्यास करताना तर प्रश्न एक-दोन किलोमीटरचा असतो. कवचातील लहरींचा वेग सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर धरला तर १ किलोमीटरपर्यंत अचूकता हवी असल्यास घड्याळे एकषष्ठांश सेकंदाच्या आत जुळलेली हवीत. उपग्रहांचे दिवस येण्यापूर्वी भूकंपमापकाच्या कागदावर रेडिओचा कालसंकेत लहरींच्या शेजारीच उमटवण्याची पद्धत होती, ती यासाठी.

आकाशनिरीक्षकांनाही हे संकेत उपयोगी पडत. चंद्र आपल्या कक्षेत सेकंदाला सुमारे १ किलोमीटर सरकतो. तो एखाद्या ताऱ्याला झाकतो तो क्षण दशांश सेकंदापर्यंत नोंदवला तर चंद्राच्या कडेची जागा १०० मीटरच्या आसपास कळते. हौशी निरीक्षक एका टेपवर रेडिओचे टोले आणि तारा दिसेनासा होताच स्वतः उच्चारलेला ‘गेला!’ हा शब्द, असे दोन्ही ध्वनिमुद्रित करत. नंतर शांतपणे टेप ऐकून वेळ काढता येई. हजारो रुपयांच्या उपकरणाचे काम एका रेडिओने आणि एका टेपरेकॉर्डरने होत असे.

प्रयोग : आपल्या शाळेचा रेखांश काढा

आता हे सर्व वर्गात कसे आणायचे ते पाहू. पुढील प्रयोगाला एक काठी, दोरी, ओळंबा, खडू आणि बिनचूक वेळ एवढेच लागते.

१. शाळेच्या मैदानावर सपाट, मोकळी जागा निवडा. सुमारे १ मीटर उंचीची काठी घट्ट रोवा. तिच्या टोकावर वाटाण्याएवढे छिद्र पाडलेला पुठ्ठ्याचा तुकडा आडवा बसवा. पुठ्ठ्याच्या सावलीत सूर्याचा एक छोटा उजेडाचा ठिपका दिसेल. काठीच्या सावलीचे टोक पुसट असते; या ठिपक्याचा मध्य अधिक नेमका धरता येतो.

२. छिद्रातून ओळंबा सोडून त्याच्या थेट खालचा बिंदू जमिनीवर खूण करून घ्या. तो वर्तुळाचा मध्य. सकाळी दहाच्या सुमारास ठिपका जेथे असेल तेथून जाणारे वर्तुळ दोरी व खडूने आखा आणि त्या क्षणाची वेळ सेकंदांसह लिहा.

३. ठिपका हळूहळू वर्तुळाच्या आत येईल आणि दुपारनंतर पुन्हा बाहेर जाऊ लागेल. तो वर्तुळाला स्पर्श करील त्या क्षणाची वेळ लिहा.

४. दोन वेळांची सरासरी म्हणजे तुमच्या शाळेतील मध्यान्ह, सूर्य याम्योत्तर वृत्तावर येण्याची वेळ. वर्तुळावरील दोन बिंदू जोडले तर पूर्व-पश्चिम रेषाही मिळते. शंकूच्या छायेवरून दिशा काढण्याची आपली प्राचीन रीत हीच.

दिवस कोणता निवडावा? वर्षभर सूर्य घड्याळाप्रमाणे अगदी नियमित चालत नाही. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा आस कललेला आहे, म्हणून सूर्य कधी घड्याळाच्या पुढे असतो, कधी मागे. या फरकाला कालसमीकरण म्हणतात. ११ फेब्रुवारीच्या सुमारास सूर्य १४ मिनिटे १४ सेकंद मागे असतो, तर ३ नोव्हेंबरच्या सुमारास १६ मिनिटे २५ सेकंद पुढे. १५ एप्रिल, १३ जून, १ सप्टेंबर आणि २५ डिसेंबर या तारखांच्या आसपास फरक शून्य असतो. त्यांपैकी १५ एप्रिल शाळेला सोयीचा. आकाश स्वच्छ असते.

समजा, १५ एप्रिलला नागपुरात सकाळची वेळ १० वाजून ० मिनिटे २० सेकंद आणि दुपारची २ वाजून २७ मिनिटे ४० सेकंद आली. सरासरी १२ वाजून १४ मिनिटे. प्रमाणवेळेच्या रेखांशावर, म्हणजे ८२.५ अंशांवर, सूर्य त्या दिवशी १२ वाजता माथ्यावर येतो. आपल्याकडे तो १४ मिनिटे उशिरा आला, म्हणजे आपण १४ ÷ ४ = ३.५ अंश पश्चिमेला आहोत. रेखांश ७९.० अंश. झिरो माईलचा खरा रेखांश सुमारे ७९.०८ अंश आहे आणि तेथील मध्यान्ह त्या दिवशी १२ वाजून १३ मिनिटे ४१ सेकंदांनी होते. आपली चूक १९ सेकंदांची, म्हणजे सुमारे ८ किलोमीटरची. काठी आणि पुठ्ठ्याच्या मानाने हे उत्तर उत्तमच म्हणायचे! घड्याळ १ मिनिट चुकलेले असते तर मात्र चूक २६ किलोमीटर झाली असती, आणि काठी कितीही ओळंब्यात असली तरी ती दुरुस्त झाली नसती.

हा प्रयोग दोन शाळांनी मिळून केला तर अधिक रंगतो. नागपूरच्या आणि मुंबईच्या शाळेने एकाच दिवशी आपापली मध्यान्ह काढावी. कोणताही दिवस चालेल, कारण वजाबाकी करताना कालसमीकरण दोन्हीकडून निघून जाते. फरक सुमारे २५ मिनिटांचा, म्हणजे सव्वासहा अंशांचा यायला हवा. ‘दुपारी १२ वाजता सूर्य डोक्यावर असतो’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या कोणत्या गावात, कोणत्या तारखेला खरे ठरते, हेही विद्यार्थ्यांना शोधू द्या. सीताबर्डीची मध्यान्ह वर्षभरात ११ वाजून ५७ मिनिटांपासून १२ वाजून २८ मिनिटांपर्यंत सरकते. आणि २६ मेच्या सुमारास सूर्य तेथे खरोखरच खस्वस्तिकावर येतो, काठीची सावली नाहीशी होते. तेव्हा घड्याळात १२ वाजून १० मिनिटे होऊन गेलेली असतात.

आज वेळ कोठून घ्यावी?

ए.टी.ए.चे टोले आता बंद झाले आहेत. राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा मात्र सीझियमच्या अणुघड्याळांवर भारतीय प्रमाणवेळ राखते, आणि ती इंटरनेटवरून कोणालाही पाहता येते. स्वयंचलित वेळ चालू ठेवलेला मोबाइल आपल्या प्रयोगाला पुरेसा आहे. प्रयोगाआधी तो प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावरील वेळेशी ताडून पाहावा.

एक सावधगिरी मात्र हवी. रेडिओचे पीप मोबाइलच्या अ‍ॅपवर ऐकले तर ते काही सेकंद उशिरा येतात. आवाजाचे अंकांत रूपांतर होते, त्याचे तुकडे साठवले जातात आणि मग ते आपल्याकडे पाठवले जातात. उपग्रहामार्फत येणारा आवाजही मागे पडतो, कारण सुमारे ३६,००० किलोमीटर वर जाऊन खाली यायलाच पाव सेकंद लागतो. हे तपासण्यासाठी एकच कार्यक्रम मध्यमलहरींच्या रेडिओवर आणि अ‍ॅपवर एकदम लावा आणि दोन्हींतील अंतर विद्यार्थ्यांना मोजायला सांगा. त्या अंतराला ४३३ ने गुणले की अ‍ॅपवर विसंबल्यास आपली शाळा किती मीटर सरकेल ते कळेल.

उपग्रह म्हणजे आकाशातले पीप

‘मोबाइल थेट रेखांशच दाखवतो, मग हा खटाटोप कशाला?’ असे कोणी विद्यार्थी विचारीलच. त्याला आपण उलट विचारावे, की मोबाइलला तरी रेखांश कसा कळतो? जी.पी.एस.चे उपग्रह सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून ‘मी येथे आहे आणि आत्ता इतके वाजले आहेत’ एवढेच सांगत असतात. मोबाइल निदान चार उपग्रहांचे संकेत ऐकतो, त्यांना यायला किती वेळ लागला ते काढतो आणि त्यावरून स्वतःचे स्थान ठरवतो. म्हणजे हेही वेळेचे रेडिओ प्रक्षेपणच. फरक अचूकतेचा. येथे पृथ्वीच्या फिरण्याऐवजी प्रकाशाचा वेग मोजपट्टी होतो, म्हणून सेकंदाच्या दहालाखाव्या भागाची चूक ३०० मीटर होते.

घड्याळ गेले की स्थान गेले, हे आपल्याच देशाने अनुभवले आहे. आपल्या ‘नाविक’ प्रणालीचा पहिला उपग्रह आय.आर.एन.एस.एस.-१ए जुलै २०१३ मध्ये सोडण्यात आला. त्यातील परदेशी बनावटीची तिन्ही रुबिडियम घड्याळे पुढे बंद पडली. उपग्रह जागेवर होता, संदेशही पाठवू शकत होता. पण स्थान ठरवण्यासाठी तो निरुपयोगी झाला. त्यानंतर २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एन.व्ही.एस.-०१ या उपग्रहात भारतात तयार केलेले रुबिडियम घड्याळ बसवले गेले. स्वतःची वेळ स्वतः राखता येणे ही प्रतिष्ठेची नव्हे, गरजेची बाब आहे. वीजजाळ्याचेच पाहा. पन्नास हर्ट्झच्या प्रवाहात १ सहस्रांश सेकंद म्हणजे १८ अंशांचा फरक. कोराडीसारख्या केंद्रांपासून दूरच्या उपकेंद्रांपर्यंत जाळ्याची अवस्था एकाच क्षणी जाणून घ्यायची तर सर्वांना एकच ‘आत्ता’ हवा.

मोबाइलमध्ये हे सारे आपल्या नकळत घडते. उत्तर दिसते, रीत दिसत नाही. काठी, सावली आणि एक भरवशाची वेळ यांत ती रीत उघड दिसते. येत्या १५ एप्रिलला आपल्या शाळेच्या मैदानावर एक काठी रोवा. दूरच्या जिल्ह्यातील एखाद्या शिक्षकमित्राला त्याच दिवशी तेच करायला सांगा. संध्याकाळी दोघांच्या वेळांची वजाबाकी करा, फरकाच्या मिनिटांना ४ ने भागा आणि मगच नकाशा उघडा.